कॅमेऱ्याची थोरली पाती आणि धाकटी पाती

देवास शहरातून एके काळी दोन राज्यांची सीमा जात होती. १७२८ साली पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी मिळालेला मुलूख आपसात वाटून घेतला, आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन गाद्या व दोन दरबार घेऊन ते एकच गाव १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत नांदत राहिले. आज कॅमेरा घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढेही अशाच दोन पात्या उभ्या असतात. एक थोरली, म्हणजे व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तो भिंगे बदलता येणारा 'मिररलेस' कॅमेरा. दुसरी धाकटी, म्हणजे भिंग अंगातच बसवलेला व सदऱ्याच्या नाही तरी कोटाच्या खिशात सहज मावणारा 'कॉम्पॅक्ट'. दोन्ही चांगले, दोन्ही महाग, आणि दुकानदाराला विचारावे तर तो अर्थातच थोरल्या पातीकडे बोट दाखवतो.

चुकीच्या निवडीचे दुःख केवळ पैशाचे नसते. धार-देवासकडच्या कित्येक मराठी घरांत आज अशी स्थिती आहे की, पवारांच्या काळापासूनचा वाडा आता फार दिवस उभा राहणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना त्या वाड्यातल्या प्रत्येक खोलीची हकिकत सांगता येते अशी माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आणि हे सगळे टिपून ठेवावे म्हणून मोठ्या हौसेने, प्रसंगी हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा मात्र बॅगेसह कपाटात पडून आहे. जड आहे म्हणून तो निघत नाही, आणि निघाला तर त्याची ती मोठी काच पाहून आजी पदर सावरून अशी ताठ बसते की, छायाचित्र आजीचे न येता पाहुण्याचे यावे. उलट, लग्नसमारंभाची कामे घेऊन पोट भरणाऱ्या तरुणाने काटकसर म्हणून छोटा कॅमेरा घेतला, तर पहिल्याच हंगामात त्याच्या कामावर बोल येतो. तेव्हा हा प्रश्न नीट समजून घेणे बरे.

प्रथम 'मिररलेस' या शब्दाविषयी. मिरर म्हणजे आरसा, हे उघड आहे. परंतु कॅमेऱ्यात आरसा कशासाठी होता? व्यावसायिकांच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत एक आरसा तिरपा बसवलेला असे. भिंगातून आलेले दृश्य तो वर लोलकाकडे व तेथून डोळ्याकडे पाठवी. बटन दाबताच आरसा खटकन वर उडे आणि प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडे. त्या आरशाच्या हालचालीस जागा हवी, म्हणून भिंग बसते ती कडी आणि सेन्सर यांत निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवावे लागे. सेन्सरवरचेच दृश्य डोळ्याजवळच्या लहानशा पडद्यावर दाखवता येऊ लागल्यावर आरशाचे प्रयोजन संपले. निकॉनच्याच मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर १६ मिलिमीटरवर आले. या जातीचा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ साली आणला, सोनीने २०१३ साली मोठ्या सेन्सरचा आणला, कॅनन व निकॉन २०१८ साली त्याच वाटेने आले, आणि २०२० सालापासून जगात आरशाच्या कॅमेऱ्यांपेक्षा बिनआरशाचेच अधिक खपू लागले.

येथे एक गैरसमज रूढ आहे. आरसा गेला म्हणजे कॅमेरा हलका झाला, असे लोक समजतात. कॅमेऱ्याचे अंग थोडे हलके झाले हे खरे. भिंगे फारशी हलकी झाली नाहीत, कारण भिंगाचे वजन आरशावर अवलंबून नसून त्याने गोळा करावयाच्या प्रकाशावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, २०२१ साली निघालेल्या सोनी ए-७ चौथ्या आवृत्तीचे वजन सुमारे ६६० ग्रॅम आहे. त्यावर लग्नाच्या कामास लागणारे २४ ते ७० मिलिमीटरचे उत्तम भिंग चढवले की आणखी जवळजवळ ७०० ग्रॅम, आणि दूरचे टिपणारे ७० ते २०० मिलिमीटरचे भिंग पिशवीत टाकले की आणखी एक किलो. एवढा अडीच किलोंचा संसार गळ्यात व खांद्यावर घेऊन देवासची टेकडी पायऱ्यांनी चढून जावे, म्हणजे तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही देव्यांचे दर्शन होईपर्यंत छायाचित्रणाची हौस कितपत उरते ते कळते. त्याच कंपनीच्या आरएक्स-१०० मालिकेतील २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीचे वजन ३०२ ग्रॅम आहे आणि तिच्या एकाच भिंगात २४ पासून २०० मिलिमीटरपर्यंतचा सगळा आवाका आहे.

मग अडीच किलो वाहण्यात लाभ तो कोणता? लाभ प्रकाशाचा. अंगणात पाऊस पडत असताना एक वाटी व एक परात उघड्यावर ठेवावी. पाऊस दोहोंवर सारखाच, पण परातीत पाणी कितीतरी अधिक जमते. थोरल्या पातीच्या सेन्सरची लांबी-रुंदी ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये ज्याला 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. (यात इंच कोठे आहे असे कोणी विचारील तर त्याचे म्हणणे रास्तच आहे. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाहेरील व्यासावरून हे नाव पडले व चिकटून राहिले. सेन्सरचा कर्ण १६ मिलिमीटरही भरत नाही.) म्हणजे परात वाटीच्या सातपटींहून मोठी. दूरचे टिपताना तर तफावत आणखी वाढते. २०० मिलिमीटरवर मोठ्या भिंगाचे प्रकाशद्वार सुमारे ७१ मिलिमीटर व्यासाचे उघडते. वर सांगितलेल्या छोट्या कॅमेऱ्याचे १६ मिलिमीटर. क्षेत्रफळात हा फरक जवळजवळ वीस पटींचा आहे. अंधुक सभागृहात मागच्या रांगेतून काढलेल्या छोट्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रात चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे का दिसते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

परंतु एवढ्यावरून निकाल देणे घाईचे होईल. धारहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर मांडू आहे, आणि 'मांडूला जातो आहोत, तर मोठा कॅमेरा हवाच' हे वाक्य या भागात वारंवार ऐकू येते. वस्तुतः मांडूइतके छोट्या कॅमेऱ्यास अनुकूल ठिकाण विरळा. मुंज आणि कापूर या दोन तलावांमधला जहाज महाल सुमारे १२० मीटर लांब आहे. तो सबंध घ्यावयास भिंग रुंद हवे, मोठे नव्हे, आणि २४ मिलिमीटरची रुंदी कॉम्पॅक्टमध्येही असते. आतल्या दालनांत प्रकाश मंद असतो खरा. तथापि इमारत हलत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड उभारावयास आगाऊ परवानगी काढावी लागते, पण छोटा कॅमेरा एखाद्या कोनाड्यात किंवा कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांनी आपोआप चालणारे बटन लावून, अर्धा सेकंद प्रकाश घेतला तर चित्र स्वच्छ येते. अडीच किलोंचे धूड असे कोनाड्यात ठेवण्याचा धीर सहसा होत नाही. हिंडोळा महालापाशी मात्र कोणत्याही कॅमेऱ्याने एक पथ्य पाळावे. त्याच्या भिंती मुळातच तिरप्या बांधलेल्या आहेत. कॅमेरा वर करून छायाचित्र काढले की त्या आणखी आत झुकतात आणि इमारत पडते की काय असे वाटू लागते. कॅमेरा सपाट धरून चार पावले मागे सरकावे. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीपाशी दुसरे पथ्य: कॅमेऱ्याचे प्रकाशमापक पांढऱ्यास राखाडी समजते, म्हणून थोडा अधिक प्रकाश द्यावा. धारच्या फडके स्टुडिओतील प्लॅस्टरच्या पुतळ्यांविषयी, म्हणजे गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांच्या कामाविषयी, सल्ला उलट आहे. तेथे एका अंगाने प्रकाश येत असेल तर तो थोडा कमीच घ्यावा, नाही तर नाकाची व कपाळाची उजळ बाजू धुऊन निघते आणि शिल्पकाराच्या बोटांची खूण तेवढी नाहीशी होते. या सगळ्यात कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा काढणाऱ्याच्या लक्षाचा भाग मोठा आहे.

मांडूत मोठ्या कॅमेऱ्याची बाजू वरचढ ठरते ती पावसात. श्रावणातले मांडू पाहावयास लोक मुद्दाम जातात. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या सांध्यांत ओल अडवणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. आरएक्स-१०० किंवा रिको जीआर यांसारख्या छोट्या कॅमेऱ्यांत त्या नाहीत. उन्हाळ्यातली माळव्याची धूळ ही आणखी एक पीडा. भिंग पुढे येणारे व मागे जाणारे असले की ते भात्यासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ जाते, आणि ती सेन्सरवर बसली तर संपूर्ण कॅमेरा उघडून साफ करण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या कॅमेऱ्यात भिंग बदलताना धूळ शिरते, पण हातपंपाने ती झटकताही येते. छोटा कॅमेरा घेणाऱ्याने तो पिशवीत सुटा न टाकता घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. एवढ्याने निम्मे काम होते.

खरी कसोटी इमारतींपाशी लागत नाही. हलत्या माणसापाशी लागते, आणि तीही कमी उजेडात. देवासचे नाव ज्या एका माणसामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले ते कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना येथे राहावयास आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी येथेच निवर्तले. त्यांच्या नावाने देवासला संगीत समारोह होतो. गाण्याच्या बैठकीत छायाचित्रकार हा बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा असतो. ख्यालाच्या विलंबित आलापात दोन स्वरांमधली शांतता हाही गाण्याचाच भाग असतो, आणि तेथेच नेमका शटरचा खटका वाजला तर गवई आणि श्रोते दोघेही दुखावतात. आरशाचा कॅमेरा तर या कामी केवळ शत्रूच होता. मिररलेसमध्ये शटरचे पडदे न हलवता निव्वळ विजेच्या करामतीने, अगदी निःशब्दपणे छायाचित्र घेता येते, म्हणून बैठकीसाठी तो वरदान मानला गेला. परंतु यात एक मेख आहे. अशा वेळी पुष्कळ सेन्सर सबंध चित्र एकदम वाचत नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतात, आणि त्यास सेकंदाचा पंधरावा ते तिसावा भाग लागतो. आपल्याकडची वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने तिच्यावरचे कित्येक एलईडी दिवे सेकंदात १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळते, आणि गवयाच्या शुभ्र सदऱ्यावर काळे-पिवळे आडवे पट्टे उमटतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला तर पट्टे बहुधा जातात. निकॉनच्या झेड-९ सारख्या अतिमहाग कॅमेऱ्यांचे सेन्सर इतक्या वेगाने वाचतात की, त्यांत पडद्याचे शटर मुळी ठेवलेलेच नाही.

मौज अशी की, धाकट्या पातीस ही अडचण फारशी येत नाही. तिच्या भिंगातच पाकळ्यांचे बारीक शटर असते. ते उघडमिट करताना नखाने कागद टिचकावा एवढाच आवाज होतो, आणि चित्र सबंध एकदम घेतले जाते. तेव्हा पहिल्या दुसऱ्या रांगेत बैठक असेल तर छोटा कॅमेराच अधिक सभ्य. पंधराव्या रांगेतून मात्र त्याचा उपयोग नाही. वीस पटींचा तो हिशेब तेथे आडवा येतो. कोणताही कॅमेरा असो, नेम धरताना लागणारा त्याचा लाल-पिवळा दिवा, शिटीचा आवाज व फ्लॅश ही तिन्ही घरूनच बंद करून निघावे. मागचा पडदाही काळोखात कंदिलासारखा उजळतो व शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ज्या कॅमेऱ्यास डोळा लावावयाची खिडकी आहे तो यासाठी बरा. रिको जीआर तिसरा हा केवळ २५७ ग्रॅमचा आणि मोठ्यापैकी सेन्सर असलेला नामी कॅमेरा आहे, पण त्यास ही खिडकी नाही आणि दूरचे टिपण्याची सोयही नाही.

लग्नाच्या बाबतीत वाद नाही. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, वधूवर एकमेकांस हार घालतात, हे सगळे दहा-पंधरा सेकंदांत, कार्यालयातल्या रंगीबेरंगी दिव्यांखाली, मामा-मावश्यांच्या गर्दीत घडते. कॅमेऱ्याचा नेम उडणाऱ्या अक्षतांवर न बसता वधूच्या डोळ्यांवर बसला पाहिजे, आणि सेकंदाला दहा चित्रे घेत तो तेथेच टिकला पाहिजे. सुधारलेले कॉम्पॅक्टही आज डोळा ओळखतात. पण कमी उजेडात थोरल्या पातीची पकड अधिक भरवशाची असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट साधी आहे. व्यावसायिक कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांना जागा असते आणि प्रत्येक चित्र एकाच वेळी दोहोंवर उतरवता येते. कॉम्पॅक्टमध्ये कार्ड एकच. कार्ड बिघडणे ही नित्याची गोष्ट नव्हे, पण बिघडले तर सप्तपदी पुन्हा चालावयास कोणी कोणाला सांगू शकत नाही. जो दुसऱ्याच्या घरच्या मंगल कार्याचे पैसे घेतो, त्याने दोन कार्डांचा कॅमेरा घ्यावा. मग तो नवा न मिळता चांगल्या स्थितीतला जुना मिळाला तरी हरकत नाही.

घरच्या माणसाने मात्र आपली छायाचित्रे शेवटी कोठे जाणार आहेत हे आधी ठरवावे. फोनच्या पडद्यावर पाहावयास दोन-तीन मेगापिक्सेल पुरतात. वीस मेगापिक्सेलच्या कॉम्पॅक्टचे चित्र ५४७२ × ३६४८ बिंदूंचे असते. छपाईस इंचाला ३०० बिंदू धरले तर ते १८ × १२ इंचांच्या कागदास पुरून उरते. दिवाणखान्यात याहून मोठी तसबीर लावणारी घरे थोडी. शिवाय लहान सेन्सरचा एक दोष घरात गुण होऊन बसतो. मोठ्या सेन्सरवर उघड्या भिंगाने काढले असता डोळा स्पष्ट येतो व कानापाशी धूसरपणा सुरू होतो. लहान सेन्सरवर पुढचे-मागचे पुष्कळ काही एकदम स्पष्ट उतरते. ट्रंकेत पडलेली मोडी कागदपत्रे, घड्यांनी उंचसखल झालेली सनद, देव्हाऱ्यातले टाक, फडताळातली पितळी भांडी हे सगळे खिडकीच्या उजेडात टिपावयास छोटा कॅमेरा उत्तम. आजीही त्याला भीत नाही. भगोरियाच्या हाटात हीच गोष्ट अधिक जपण्याची आहे. होळीपूर्वी धार-झाबुआकडे भरणाऱ्या त्या बाजारांत भिल्ल-भिलाला तरुणींवर दुरून लांब नळी रोखणे असभ्य आहे. जवळ जाऊन, विचारून, लहान कॅमेऱ्याने काढलेले आणि लगेच त्यांना दाखवलेले चित्र दोन्ही पक्षांस शोभते.

खिशात फोन असताना छोटा कॅमेरा तरी कशाला, हा प्रश्न उरतोच. जगाने तो फार पूर्वी विचारला. २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली ही संख्या पाऊण कोटीच्या थोडीच वर होती, आणि जे नाहीसे झाले ते बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्टच होते. नखाएवढ्या सेन्सरचा जो स्वस्त कॉम्पॅक्ट अजून कोठे कोठे विकावयास ठेवलेला दिसतो, तो घेणे आज शहाणपणाचे नाही; चांगला फोन त्याच्यापेक्षा सरस चित्र देतो. घ्यावयाचा तर निदान एक इंची सेन्सरचा घ्यावा, ज्यात दूरचे खरोखर जवळ आणणारे भिंग आहे आणि बोटाला सापडणारे बटन आहे.

वजन आणि गुण यांचा हा झगडा जुनाच आहे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ साली कॅमेरा हाती धरला, आणि १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानचा दौरा केला, तो लाकडी कॅमेरा व काचांच्या पेट्या बरोबर वागवून. त्या काचांवरचा बारकावा आजही थक्क करतो. पुढे जर्मनीत दम्याने हैराण झालेल्या ऑस्कर बारनाक नावाच्या कारागिराला ते ओझे डोंगरावर नेणे झेपेना. त्याने सिनेमाच्या फिल्मचा तुकडा वापरून १९१४ च्या सुमारास मुठीत मावणारा कॅमेरा बनवला आणि १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. व्यावसायिकांनी त्यास प्रथम खेळणे म्हटले. त्या खेळण्यातल्या फिल्मच्या चौकटीचे माप होते ३६ × २४ मिलिमीटर. आज तेच माप थोरल्या पातीची खूण होऊन बसले आहे.

निर्णय होत नसेल तर एक मार्ग आहे. इंदूरला दोन्ही प्रकारचे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. एका रविवारी दोन्ही आणावेत आणि सकाळी टेकडीवर, दुपारी घरच्या माजघरात, संध्याकाळी एखाद्या बैठकीला किंवा बारशाला दोन्ही न्यावेत. रात्री कोणत्या कॅमेऱ्यात किती चित्रे आहेत ते मोजावे. मग प्रत्येकातले एक निवडून कलर लॅबमधून १२ × १८ च्या कागदावर छापून घ्यावे, मागे काही न लिहिता भिंतीवर शेजारी शेजारी लावावे, आणि कोणते कोणत्या कॅमेऱ्याचे हे घरातल्या मंडळींना ओळखावयास सांगावे.